डॉक्टरपदाची वादसभा

पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेस सामोरे जाणाऱ्या आजच्या उमेदवाराची सर्व चिंता त्याच्या जाडजूड प्रबंधाभोवती घोटाळत असते. कोणत्या प्रकरणातील कोणते विधान परीक्षक धरून बसतील, कोणत्या कोष्टकात बेरजेची चूक राहून गेली असेल, संदर्भसूचीतील कोणते नाव नेमके परीक्षकांच्याच एखाद्या ग्रंथाचे असून आपण ते गाळले असेल, या विवंचनेत त्याचे अखेरचे दिवस जातात; आणि ते स्वाभाविकही आहे, कारण प्रबंध हे मुख्य कार्य व मौखिक परीक्षा हा त्याचा उपसंहार, अशीच आपल्या विद्यापीठांची धारणा आहे. परंतु या प्रथेचा सात-आठशे वर्षांचा वृत्तांत चाळला असता असे आढळते की, आरंभी प्रबंध नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. होती ती केवळ वादसभा, आणि प्रबंध हा पुढे त्या सभेच्या निमंत्रणपत्रातून वाढत वाढत आजच्या आकारास पोहोचला. त्यामुळे उमेदवाराने कशाची तयारी करावयाची, या प्रश्नाचे उत्तरही शतकाशतकांत पालटत गेले, आणि त्या उत्तरात विद्येइतकाच द्रव्याचा, पोशाखाचा व पाहुणचाराचा वाटा राहिला.

इटलीतील बोलोन्या नगरी बाराव्या-तेराव्या शतकांत रोमन कायद्याच्या अध्ययनासाठी सर्व युरोपात विख्यात होती, आणि डॉक्टर ही पदवी देण्याचा जो विधी तेथे रूढ झाला, त्याचे अनुकरण दक्षिण युरोपातील इतर विद्यापीठांनी केले. 1219 साली पोप तिसरे होनोरियस यांनी असा हुकूम काढला की, तेथील आर्चडीकन या धर्माधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून कोणासही अध्यापनाची सनद मिळू नये. आणि तेव्हापासून परीक्षा डॉक्टरांनी घ्यावी व सनद धर्मपीठाने द्यावी, असा दुहेरी कारभार सुरू झाला. परीक्षाही दोन असत, एक खाजगी व दुसरी जाहीर. खाजगी परीक्षेच्या दिवशी भल्या पहाटे उमेदवाराने चर्चमध्ये प्रार्थनेस हजर राहावे, नंतर जमलेल्या डॉक्टरांपुढे रुजू व्हावे, त्यांच्यापैकी एकाने कायद्याच्या संहितेतील दोन उतारे त्यास नेमून द्यावेत, ते घेऊन त्याने घरी जावे, आणि दिवस कलण्यापूर्वी परत येऊन त्या उताऱ्यांवर व्याख्यान देऊन दोन परीक्षकांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावीत, असा क्रम होता. म्हणजे तयारीस प्रत्यक्ष मिळत ते काही तास, आणि त्या तासांत ज्या डॉक्टराने त्याची शिफारस केलेली असे, तो त्याच्या मदतीस बसे. इतर डॉक्टरांसही प्रश्न विचारण्याची मुभा होती. मात्र आपण हा प्रश्न उमेदवारास अगोदर कळविलेला नाही, अशी शपथ त्यांस घ्यावी लागे, आणि ज्या गोष्टीविरुद्ध शपथ घ्यावी लागते ती गोष्ट घडत असलीच पाहिजे, एवढे अनुमान करण्यास न्यायशास्त्राचे मोठेसे अध्ययन लागत नाही. बोलोन्याचे विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या संघाच्या ताब्यात असल्यामुळे या भयंकर परीक्षेच्या वेळी परीक्षकाने उमेदवारास स्वतःच्या पुत्राप्रमाणे वागवावे, असे कलमही त्यांनी आपल्या नियमांत घालून ठेविले होते. हे सर्व आटोपल्यावर डॉक्टरांची गुप्त मते घेतली जात व बहुमताने निकाल लागे.

विद्येचा निकाल येथेच लागत असला तरी डॉक्टरपद मिळण्यास दुसरी, जाहीर परीक्षा बाकी असे, आणि खरी तयारी लागे ती तिचीच. उमेदवाराने विद्यापीठाच्या चोपदारांसह घोड्यावर बसून नगरातील अधिकाऱ्यांस व इष्टमित्रांस आमंत्रणे करीत फिरावे, ठरल्या दिवशी मुख्य चर्चमध्ये भाषण करून कायद्यातील एखाद्या मुद्द्यावर आपला पक्ष मांडावा, आणि त्यावर विद्यार्थ्यांमधून निवडलेले प्रतिपक्षी आक्षेप घेतील त्यांचे निरसन करावे, असा तो समारंभ होता. नंतर त्यास गुरूच्या आसनावर बसवून हाती उघडा ग्रंथ देत, बोटात सोन्याची अंगठी व मस्तकावर टोपी घालीत, आणि वाजंत्री लावून गावातून मिरवीत. या सर्वांचा खर्च उमेदवाराचा. मेजवानी त्याची, वस्त्रांच्या देणग्या त्याच्या, डॉक्टरांची व चोपदारांची दक्षिणाही त्याचीच. खाजगी परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ पैशाच्या अभावी वर्षानुवर्षे जाहीर समारंभ लांबणीवर टाकणारे पुष्कळ निघत, आणि हा बडेजाव इतका वाढला की 1311 साली भरलेल्या व्हिएन येथील धर्मपरिषदेत पोप पाचवे क्लेमेंट यांस या समारंभाचा खर्च तूर येथील 3000 रौप्यनाण्यांच्या मर्यादेत ठेवण्याचे फर्मान काढावे लागले. मर्यादाच जर एवढी होती, तर अमर्याद खर्च केवढा असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे दोनशे वर्षांनी, 1512 साली, मार्टिन ल्यूथर यांस विटेनबर्ग येथे धर्मशास्त्राचे डॉक्टरपद मिळाले, तेव्हाही त्या गरीब संन्याशाचा खर्च सॅक्सनीच्या अधिपतीने उचलला होता, आणि त्या 50 गुल्डनांची ल्यूथरने आपल्या हातची पावती लिहून दिली होती.

या ठिकाणी आपल्याकडील एका प्रथेचे स्मरण होते. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली व पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतलेली श्रावणमासाची दक्षिणा पुण्यात वाटली जात असे, आणि तिच्यात शास्त्री-वैदिकांची योग्यता पाहून रकमेचा तपशील ठरे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबाने त्या दक्षिणेतील काही रक्कम विद्येकडे वळविली, 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन झाली, आणि त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलो निर्माण झाले, ज्यांत न्यायमूर्ती रानड्यांसारखे पुरुष होते. पुण्यात आलेला पंडित परीक्षा देऊन पैसे घेऊन जाई आणि बोलोन्यात आलेला पंडित परीक्षा देण्यासाठी पैसे घेऊन येई, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. अर्थात पुण्याची दक्षिणा एका जातीपुरती होती आणि बोलोन्याची टोपी पैसेवाल्यांपुरती. त्यामुळे या तुलनेत कोणीही फारशी फुशारकी मारू नये.

स्पेनमधील सालामांका येथील रिवाज तर याहूनही विलक्षण होता, आणि परीक्षेच्या पूर्वरात्रीची जी घालमेल आजचा उमेदवार आपल्या खोलीत अनुभवतो, तिला तेथे अक्षरशः दगडी चौकट दिलेली होती. जुन्या कॅथेड्रलच्या आवारात सांता बार्बारा हिच्या नावाचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ते चौदाव्या शतकात हुआन लुसेरो या बिशपाने बांधविले व त्याच्याच मध्यभागी त्याची समाधी आहे. परीक्षेपूर्वी ग्रंथ तीन ठिकाणी उघडला जाई, त्या तीन स्थळांपैकी एक उमेदवाराने निवडावयाचे, आणि मग त्यास या मंदिरात रात्रभर कोंडून ठेवीत. समाधीच्या पायथ्याशी एक खुर्ची असे. तिच्यात बसून, बिशपाच्या पाषाणमूर्तीच्या तळपायांस आपले तळपाय टेकवून, त्याने चिंतन करावे, म्हणजे त्या विद्वानाचे ज्ञान त्याच्यात उतरेल, अशी समजूत होती. सकाळी डॉक्टर मंडळी येऊन भिंतीलगतच्या आसनांवर बसत व परीक्षेस आरंभ होई. यशस्वी झालेला पुरुष मुख्य दाराने वाद्यांच्या गजरात बाहेर पडे, गावात बैलांच्या झुंजी होत, आणि बैलाचे रक्त मिसळलेल्या तांबड्या रंगाने त्याची विजयमुद्रा भिंतीवर काढली जाई. या मुद्रा सालामांकाच्या सोनेरी दगडांवर आजही जागोजाग दिसतात. अयशस्वी झालेल्यास मात्र मागच्या बाजूच्या गाड्यांच्या दारातून निघून जावे लागे.

ग्रंथ अकस्मात उघडून निघेल त्या स्थळावर परीक्षा घेण्याची ही युक्ती वाचून मिथिलेतील शलाकापरीक्षा कोणास आठवणार नाही? तेथे पोथीत शलाका टोचीत, आणि ती जेथवर पोहोचेल त्या पानावरील विषयाचे विवरण उमेदवाराकडून करून घेत; नवद्वीपाच्या वासुदेव सार्वभौमाने अशी परीक्षा दिल्याची कथा परंपरा सांगते. मिथिला आणि सालामांका यांचा एकमेकांशी काडीमात्र संबंध नव्हता. तथापि, ज्या काळी ग्रंथ थोडे होते आणि ते मुखोद्गत असणे हीच विद्वत्तेची पहिली अट होती, त्या काळी उमेदवारास संपूर्ण ग्रंथाची तयारी करावयास लावण्याचा याहून स्वस्त व निःपक्षपाती उपाय दोन्ही ठिकाणच्या पंडितांस सुचला नाही. यातही गंमत अशी की पॅरिसमध्ये हा उपाय नेहमी लागू नव्हता. तेथील सोर्बोन विद्यालयाचा संस्थापक रॉबेर द सोर्बों याने तेराव्या शतकात सदसद्विवेकावर जे प्रवचन लिहिले, त्यात विद्यापीठाच्या चान्सेलरपुढील परीक्षा व ईश्वरापुढील अंतिम न्याय यांची मोठी खुसखुशीत तुलना केली आहे. चान्सेलर अमुक ग्रंथावर प्रश्न विचारणार हे ठाऊक असूनही जो तो ग्रंथ वाचीत नाही त्यास लोक वेडा म्हणतील, मग अंतिम न्यायाच्या दिवशी कोणता ग्रंथ उघडला जाणार हे ठाऊक असून मनुष्य आपले अंतःकरण का वाचीत नाही, असा त्याचा रोख आहे. आणि चान्सेलरने नापास केलेल्यास वर्षभराने पुन्हा बसता येते, तशी सवलत पलीकडच्या परीक्षेत नाही, असेही तो बजावतो. प्रवचनकाराचा हेतू धार्मिक असला तरी पॅरिसच्या विद्यार्थ्यांस प्रश्नपत्रिकेचा सुगावा आगाऊ लागत असे, हा पुरावा त्याने नकळत मागे ठेविला आहे.

नेमून दिलेल्या स्थळांवर तोंडी परीक्षा घेण्याची पद्धत सतराव्या शतकातही जिवंत होती, आणि तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग पादुआ येथे 25 जून 1678 रोजी घडला. एलेना कोर्नारो पिस्कोपिया या व्हेनिसच्या उमराव घराण्यातील विदुषीने धर्मशास्त्राच्या डॉक्टरपदासाठी दरखास्त केली होती. स्त्रीने धर्मशास्त्र शिकविणे मान्य नसल्याने पादुआचे बिशप बार्बारिगो यांनी ती अडविली, आणि अखेर तत्त्वज्ञानावर तडजोड झाली. परीक्षेस एवढा लोकसमुदाय लोटला की विद्यापीठाची जागा अपुरी पडून ती कॅथेड्रलमध्ये हलवावी लागली. तेथे तिने अॅरिस्टॉटलच्या ग्रंथांतील नेमून दिलेल्या स्थळांचे लॅटिनमध्ये विवरण केले व तत्त्वज्ञानाची डॉक्टर झालेली पहिली स्त्री म्हणून ग्रंथ, अंगठी, केसाळ कातड्याची खांद्यावरची झूल व लॉरेल पर्णांचा मुकुट स्वीकारला. पुढची कित्येक दशके दुसऱ्या स्त्रीस ही पदवी मिळाली नाही, यावरून त्या जनसमुदायाच्या कौतुकाचे मोल ठरवावे.

प्रबंधाचा जन्म झाला तो छापखान्यामुळे. वादसभेत कोणत्या विधानांचे समर्थन होणार आहे, हे आगाऊ कळावे म्हणून ती विधाने एका कागदावर लिहून चर्चच्या दारावर लावण्याची चाल जुनीच होती. ल्यूथरची 1517 सालची सुप्रसिद्ध 95 विधानेही स्वरूपाने अशाच एका वादसभेची सूचना होती, मग ती त्याने स्वहस्ते दारावर ठोकली की नाही हा वाद इतिहासकार घालोत. छपाई स्वस्त झाल्यावर या कागदाचे चोपडे झाले, विधानांस पुरावे जोडले गेले, आश्रयदात्या सरदारांस व श्रीमंत मामांस अर्पणपत्रिका लिहिल्या गेल्या, आणि मित्रांनी रचलेली स्तुतिपर लॅटिन कवने अखेरीस छापली गेली. पण हे चोपडे लिहीत असे कोण? जर्मनी व उत्तरेकडील देशांत सतराव्या-अठराव्या शतकांत ते बहुधा सभेचा अध्यक्ष, म्हणजे प्राध्यापकच लिही. विद्यार्थ्याने छपाईचा खर्च सोसावा, प्राध्यापकास मानधन द्यावे, आणि सभेत उभे राहून त्या मजकुराचा बचाव करावा, अशी वाटणी होती. आज हे ऐकून कोणासही धक्का बसेल. परंतु त्या काळच्या दृष्टीने यात लपविण्याजोगे काही नव्हते, कारण परीक्षा होती ती बोलण्याची, लिहिण्याची नव्हे. वकिलाने मांडलेली कैफियत मूळ कोणाच्या हातची आहे, हे न्यायाधीश थोडेच विचारतो!

या पद्धतीचे दोन्ही पैलू एकाच पुरुषाच्या चरित्रात पाहावयाचे असतील तर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याच्याकडे वळावे. 1735 साली तो स्वीडनहून हॉलंडात आला तेव्हा त्यास घाई होती. त्याचे लग्न ठरलेले होते, भावी सासरे स्वतः वैद्य होते, आणि जावयाने परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी आणावी अशी त्यांची अट होती. स्वीडनमधील वैद्यक विद्यार्थ्यांनी यासाठी हॉलंडची वाट धरण्याचा प्रघातच होता, आणि हॉलंडात ज्यास लवकर व थोडक्यात काम उरकावयाचे असे, तो हार्डरवाइक या लहानशा बंदराच्या गावी जाई. धुरी दिलेली हेरिंग मासळी, रानातील बोरे आणि डॉक्टरीच्या सनदा हा या गावचा व्यापार, असा एक थट्टेखोर यमकबद्ध वाक्प्रचार डच लोकांत रूढ होता. लिनियसने थंडीतापाच्या कारणाविषयीचा आपला प्रबंध स्वदेशातूनच लिहून आणला होता. चिकणमातीच्या प्रदेशातील पाण्यातून मातीचे सूक्ष्म कण शरीरात जाऊन हा ताप येतो, असा त्याचा सिद्धांत होता, आणि तो साफ चुकीचा होता. गावात पोहोचल्यावर त्याने नाव नोंदविले, योहानेस द गोर्टर या प्राध्यापकापुढे परीक्षा दिली, प्रबंध छापून घेतला, त्याचा जाहीर बचाव केला, आणि अंगठी, टोपी व सनद घेऊन तो डॉक्टर झाला. या सर्वांस लागला जेमतेम एक आठवडा. हार्डरवाइकची सनद म्हणून तिला हसण्याचे कारण नाही, कारण लायडनचे महावैद्य बुरहाव यांनीही 1693 साली तेथूनच पदवी घेतली होती. नेपोलियनच्या अमदानीत, 1811 साली, हे विद्यापीठ बंद झाले.

हाच लिनियस पुढे उप्साला येथे प्राध्यापक झाल्यावर त्याच्या अध्यक्षतेखाली 186 प्रबंधांचा बचाव झाला, आणि त्यांतील बहुतेकांचा मजकूर त्याचाच होता. तो आशय सांगे किंवा स्वीडिशमध्ये टिपणे देई. विद्यार्थी त्याचे लॅटिन करी, छपाईचे पैसे भरी, आणि सभेत उभा राही. नंतर लिनियसने हे प्रबंध एकत्र करून आपल्याच नावे अनेक खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. माझ्या मते या व्यवस्थेत विद्यार्थ्याचे नुकसान नव्हते. सृष्टीच्या कोठारातील रोज नवा जिन्नस बाहेर काढणाऱ्या माणसाचे विचार आपल्या तोंडाने भर सभेत मांडावयाचे आणि विरोधकांपासून राखावयाचे, ही शिकवणूक एखाद्या निर्जीव विषयावर स्वतः पाचशे पाने लिहिण्यापेक्षा काही कमी प्रतीची नव्हती.

या सुखसोयीच्या युगातही एखाद्यास परीक्षा खडतर भोगावी लागे. क्वेडलिनबुर्ग येथील डोरोथेआ एर्क्सलेबेन ही बापाकडून वैद्यक शिकली होती, आणि पदवीपरीक्षेस बसण्याची परवानगी तिला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने 1741 सालीच दिली होती. परंतु संसार व मुलेबाळे यांत ती परीक्षा राहून गेली व तिने तशीच वैद्यकी चालविली. 1753 साली गावातील तीन वैद्यांनी तिच्यावर भोंदूपणाची फिर्याद केली. तेव्हा तिने प्रबंध लिहावयास घेतला आणि विषय निवडला तो असा की, रोग्यास खूष करण्यासाठी झटपट व सुखकर औषधे देण्याच्या नादात वैद्य पुष्कळदा धोका कसा ओढवून घेतात. फिर्याददारांस याहून नेमके उत्तर दुसरे कोणते असणार? मध्यंतरी बाळंतपण आले म्हणून मुदत पुढे गेली, आणि 6 मे 1754 रोजी हाले विद्यापीठात तिची लॅटिनमधून तोंडी परीक्षा झाली. प्राध्यापक युंकर यांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि जून महिन्यात तिला डॉक्टरपदाची शपथ देण्यात आली. जर्मनीत वैद्यकाचे डॉक्टरपद मिळविणारी ही पहिली स्त्री.

एकोणिसाव्या शतकात मात्र पारडे फिरले. 1810 साली बर्लिनचे विद्यापीठ स्थापन झाले, प्राध्यापकाने शिकवावे त्याबरोबर नवे ज्ञान शोधावे ही कल्पना प्रतिष्ठित झाली, आणि उमेदवाराचा प्रबंध हा त्याच्या स्वतःच्या शोधाचा दस्तऐवज ठरला. प्रबंधाचे वजन वाढले तसे सभेचे घटले. बर्लिनच्या छापील प्रबंधांवर प्रतिपक्षी म्हणून तीन नावे छापलेली असत, आणि ते तिघे बहुधा उमेदवाराचे स्नेही असत; आपले शत्रू आपणच निवडावे, त्यांचे आक्षेप आपणच ऐकून ठेवावे, आणि संध्याकाळी त्यांनाच जेवू घालावे, अशी ती लुटुपुटीची लढाई झाली. काही विद्यापीठांनी तर उमेदवारास हजर राहण्याच्याही त्रासातून मुक्त केले. कार्ल मार्क्स याने 1841 साली ग्रीक तत्त्वज्ञानावरील आपला प्रबंध येना येथे टपालाने धाडला आणि त्या गावी पाऊल न टाकता डॉक्टरपद घेतले. मार्क्सचा प्रबंध भक्कम होता; पण त्याच वाटेने विकतचे प्रबंधही जात. अखेर 1876 साली रोमचे इतिहासकार थिओडोर मोमझेन यांनी या तोतया डॉक्टरांविरुद्ध जळजळीत लेख लिहिला, त्यावर मोठे वादंग माजले, आणि गैरहजेरीतील पदव्या हळूहळू बंद पडल्या. ज्याने लिहिले तोच हा, एवढी ओळख पटविण्यासाठी तरी उमेदवारास समोर उभे करणे भाग आहे, हे कारण त्या वेळी पुढे आले. आणि माझ्या समजुतीने मौखिक परीक्षा आजवर टिकली त्यामागे विद्वत्तेच्या उदात्त हेतूंपेक्षा हे पोलिसी कारण अधिक आहे.

जुन्या वादसभेचा थाट पाहावयाचा असेल तर आता उत्तरेस जावे. हॉलंडात उमेदवार औपचारिक पोशाख करून दोन साहाय्यकांसह उभा राहतो. पूर्वी त्याची गाडी अडली तर या दोघांनी उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा होती, हल्ली ते मुख्यतः शोभेला असतात. प्रबंधास जोडून काही सुटी विधाने छापण्याची चाल तेथे अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे, आणि त्यांत एखादे मिस्किल विधान घालण्यासाठी उमेदवार जेवढे डोके खाजवितो तेवढे काही वेळा मुख्य प्रकरणांसाठीही खाजवीत नसावा. प्रश्नोत्तरे बरोबर पाऊण तास चालतात. मग दंडधारी चोपदार आत येऊन वेळ संपल्याचे लॅटिनमध्ये पुकारतो, आणि वाक्य अर्ध्यावर असले तरी तेथेच तोडावे लागते. लायडनच्या जुन्या इमारतीत उमेदवारांनी निकालाची वाट पाहत घाम गाळण्याची एक कोठडी आहे, तिच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्यांनी भरल्या आहेत. स्वीडनमध्ये बचावापूर्वी सुमारे तीन आठवडे प्रबंध विद्यापीठाच्या फलकावर खिळ्याने ठोकतात, ज्यास आक्षेप घ्यावयाचा असेल त्याने वाचून यावे म्हणून. तेथे एके काळी तीन प्रतिपक्षी असत, त्यांतील तिसऱ्याचे काम प्रबंधाची थट्टा उडविण्याचे होते. 1969 च्या सुधारणेनंतर त्याची गच्छंती झाली, आणि गंभीर मंडळींनी विद्येचे हे एक औषध उगाच फेकून दिले असे मला वाटते. फिनलंडमध्ये संध्याकाळी नवा डॉक्टर मेजवानी देतो आणि तिचा मानकरी असतो तो सकाळी त्यास भंडावून सोडणारा प्रतिपक्षी.

इंग्लंडने यातले काही घेतले नाही. तेथे पीएच.डी.सारखी पदवीच उशिरा आली, ऑक्सफर्डने ती 1917 साली सुरू केली, आणि तिच्या परीक्षेस दोन-तीन परीक्षक, एक टेबल व बंद दार एवढाच सरंजाम पुरेसा मानला. आपल्याकडील बहुतेक विद्वानांचा पहिला परिचय या पाश्चात्त्य पदव्यांशी परदेशातच झाला. ज्ञानकोशकार केतकर अमेरिकेत कॉर्नेल येथे डॉक्टर झाले, महाभारताचे संपादक सुखटणकर बर्लिनला, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे बर्लिनला, वेदाभ्यासक दांडेकर हायडेलबर्गला. आणि जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी यांनी 1939 साली केंब्रिजची पदवी मिळविली ती अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर, ही गोष्ट आमच्या पाचशेपानी उमेदवारांस मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

तथापि या सर्वांत डॉ. आंबेडकरांचा दाखला मला अधिक बोधक वाटतो. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी 1922 च्या ऑक्टोबरात सादर केला; 1923 च्या मार्चमध्ये परीक्षकांनी हरकत घेऊन तो पुन्हा लिहावा असे कळविले; पैसा संपलेला, म्हणून ते मुंबईस परतले, येथूनच त्यांनी सुधारलेला प्रबंध धाडला, आणि वर्षअखेरीस पदवी मिळाली. ग्रंथ छापून निघाला तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली व तीत आपले शिष्याशी पुष्कळ बाबतींत मतैक्य नाही, असे स्वच्छ नमूद केले. जुन्या वादसभेत प्रतिपक्ष्याचे जे काम असे, ते येथे गुरूने छापील पानावर केले. कोलंबियाची हकिगत याहून निराळी आहे. तेथील प्रबंध त्यांनी अमेरिकेतून निघण्याच्या सुमारासच पुरा केला होता. परंतु छापील प्रती दाखल केल्यावाचून पदवी द्यावयाची नाही असा तेथील नियम असल्याने, प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ 1925 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्यावर 1927 साली त्यांस पीएच.डी. मिळाली. म्हणजे दहाएक वर्षे उलटली ती ज्ञानाच्या तयारीत नव्हे, छापखान्याच्या बिलापायी. बोलोन्याच्या ज्या उमेदवाराने मेजवानीच्या खर्चासाठी टोपी लांबणीवर टाकली, त्यास ही हकिगत सहज समजली असती.

आपल्या विद्यापीठांनी बंद दाराची इंग्रजी पद्धत उचलली आणि तिला लेखी अहवालांची जोड दिली. प्रबंध बाहेरगावच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अभिप्राय मोहोरबंद लखोट्यातून किंवा अलीकडे संगणकावरून परीक्षा विभागाच्या दफ्तरी येतात, आणि ते अनुकूल असल्यावाचून मौखिकीची तारीखच पडत नाही. 2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी मौखिकी जाहीर केली, आणि तेव्हापासून विभागाच्या फलकावर सूचना लागते, दार उघडे राहते, सहाध्यायी व घरची मंडळी मागच्या बाकांवर येऊन बसतात. परंतु बोलोन्यात मते पडत ती प्रश्नोत्तरे झाल्यानंतर. येथे ती वादापूर्वीच पडून चुकलेली असतात, व हे सभेतील प्रत्येकास ठाऊक असते. म्हणून आमच्या उमेदवाराची तयारीही त्या अहवालांपुरती राहते. परीक्षकांनी नोंदविलेला प्रत्येक आक्षेप तो क्रमांक घालून उतरून काढतो, मार्गदर्शकांपुढे एक-दोनदा तालीम करतो, पडद्यावर दाखवावयाच्या पानांची संख्या कमी करतो, परीक्षकांच्या गाडीची वेळ व राहण्याचा बंदोबस्त पाहतो. आणि मागच्या बाकावरील एखाद्या परक्या शाखेच्या प्राध्यापकाने सरळ मूळ सिद्धांतालाच हात घातला, तर अध्यक्ष घड्याळाकडे पाहून चहाची आठवण करून देतात.